तुम्ही जे गाळाल, ते आमच्यासाठी नसेलच
कृत्रिम रेटिनासाठी प्रतिमा-प्रक्रियेची मॉडेलं लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
कृत्रिम रेटिना आणि दृष्टी परत मिळवण्याच्या तंत्रावर काम करणारे मराठी अभियंते, संशोधक आणि विद्यार्थी,
पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर, कॅलिफोर्निया आणि जिथे कुठे असाल तिथे.

सप्रेम नमस्कार.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) हळूहळू निकामी करणारा आजार. आम्ही आपसात त्याला नुसतं आरपी म्हणतो. शाळेत असताना तिन्हीसांजेनंतर दिसेनासं झालं, पुढे बाजूचं दिसणं कमी होत गेलं आणि आता समोरचा एक लहान तुकडा उरला आहे. कृत्रिम रेटिनाचं रोपण, म्हणजे कॅमेऱ्यातलं दृश्य विजेच्या खुणांनी डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचवणारं यंत्र, आजवर मुख्यतः ज्यांना जेमतेम उजेड-अंधार कळतो अशा आरपीच्या रुग्णांनाच दिलं गेलं, म्हणून आज मी त्या रांगेत नाही. उद्या असेन. दृश्यातलं काय दाखवायचं ते ठरवणारं जे मॉडेल आज तुमच्या लॅपटॉपवर शिकतंय ते पुढे माझ्या किंवा माझ्यासारख्या कुणाच्या डोळ्यापर्यंत येणार आहे. त्याआधी तुमच्याशी बोलायला हवं, म्हणून हे पत्र.

हा आजार आपल्यापासून लांब नाही. जगात साधारण चार हजारांत एकाला आरपी असतो असं मानतात. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’त मात्र प्रौढांमध्ये हे प्रमाण साधारण साडेसातशेत एक इतकं आढळलं. म्हणजे विदर्भातल्या एखाद्या मोठ्या गावात आरपी असलेली चार-पाच माणसं सहज असतील, आणि त्यांतल्या कित्येकांना आपल्या आजाराचं नावही माहीत नसेल. घरात ‘रातांधळेपणा आहे’ एवढ्यावर विषय संपतो.

माझं मागणं एकच आहे. कॅमेऱ्यासमोरच्या दृश्यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं, याचा ताबा यंत्र घालणाऱ्याकडे असू द्या. हे साधं वाटेल, पण तुमच्या कामाच्या बहुतेक प्रत्येक पायरीवर हा ताबा नकळत तुमच्याकडे जातो. तो कसा जातो ते सांगते.

आर्गस-२ हे यंत्र घ्या. कॅलिफोर्नियातल्या सेकंड साइट कंपनीच्या या रोपणाला युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. जगभरात साधारण साडेतीनशे लोकांनी ते बसवून घेतलं. चष्म्यावर कॅमेरा, कमरेला प्रक्रियेचा डबा आणि डोळ्याच्या पडद्यावर सहा ओळी, दहा रकाने असे ६० इलेक्ट्रोड, म्हणजे वीज सोडणारी सूक्ष्म टोकं. आता हिशेब करा. कॅमेऱ्याचं साधं ६४० गुणिले ४८० चं चित्र धरलं तरी त्यात तीन लाख सात हजार दोनशे ठिपके होतात. एकेका इलेक्ट्रोडच्या वाट्याला ५,१२० ठिपके येतात आणि त्या सगळ्यांचा मिळून एकच आकडा पुढे जातो: किती विद्युतप्रवाह सोडायचा. बाकीचं सगळं तिथेच संपतं.

निरोगी डोळाही गाळतोच, हे मला माहीत आहे. पडद्यावर सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकूपेशी असतात, आणि मेंदूकडे जाणारे तंतू असतात दहा-पंधरा लाख. पण तो डोळा स्वतःच्या मर्जीने फिरतो. शंका आली की दुसऱ्यांदा बघतो, तिरका होतो, जवळ जातो. आर्गससारख्या यंत्रात कॅमेरा चष्म्याला जखडलेला असतो. डोळा फिरवून काही उपयोग नाही, मान फिरवावी लागते. उलट मान स्थिर असताना डोळा हलला तर समोरची वस्तू जागेवर असूनही सरकल्यासारखी वाटते. त्यामुळे माणूस हळूहळू मान डावी-उजवीकडे नेत समोरचं चाचपत राहतो. अशा वेळी तुमचं मॉडेल एका फ्रेममध्ये दाराची चौकट दाखवून पुढच्या फ्रेममध्ये ती विसरलं, किंवा उत्तर द्यायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर बघणाऱ्याच्या हाती लुकलुकणारे ठिपके तेवढे येतात. एकेका चित्रावरची अचूकता तुम्ही शोधनिबंधात छापता. मान फिरत असताना ते उत्तर किती स्थिर राहतं, तेही मोजून छापा. माझ्यासाठी तो आकडा मोठा आहे.

शिवाय तो ठिपका हा ठिपका नसतोच. इलेक्ट्रोड पेटला की एक गोल बिंदू दिसेल, आणि साठ पेटले की क्रिकेटच्या मैदानावरच्या धावफलकासारखं चित्र उमटेल, असं सुरुवातीला धरलं गेलं होतं. प्रत्यक्षात पडद्याच्या वरच्या थरावर ठेवलेला इलेक्ट्रोड खालच्या पेशीला जागं करतो, तसा तिथून दृष्टिचेतेकडे (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेकडे) जाणाऱ्या लांबच्या पेशींच्या तंतूंनाही करतो. मेंदूला वाटतं उजेड त्या लांबच्या पेशीपाशी पडला. मग बिंदूच्या जागी रेघ दिसते, कमान दिसते, पाचरीसारखा आकार दिसतो. संशोधक मायकेल बायलर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये आर्गस बसवलेल्यांना काय दिसतं ते त्यांच्याकडून रेखाटून घेतलं आणि तंतूंच्या वाटांवरून त्या आकारांचा मेळ लावून दाखवला. प्रत्येकाचे आकार वेगळे होते. काही पेशी उजेड वाढला की बोलतात, काही तो कमी झाला की बोलतात. इलेक्ट्रोड दोघींना एकदम बोलायला लावतो, जे निसर्गात सहसा घडत नाही. त्यात एकच इलेक्ट्रोड सतत चालू राहिला तर दिसणारा उजेड थोड्याच वेळात विरतो.

याचा अर्थ सर्वांसाठी एकच असं मॉडेल असूच शकत नाही. माझ्या पडद्यावर कुठला इलेक्ट्रोड काय दाखवतो हे मी सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. तरीही या क्षेत्रातल्या कितीतरी चाचण्या डोळस स्वयंसेवकांवर होतात. त्यांना स्क्रीनवर किंवा आभासी दृश्याच्या चष्म्यात ठिपक्यांचं चित्र दाखवायचं आणि काय दिसलं ते विचारायचं. रोपण झालेली माणसं जगातच थोडी, त्यामुळे अशी चाचणी सोयीची आहे हे मला समजतं. रोपणातून काय दिसेल ते संगणकावर दाखवणारी पल्सटूपरसेप्टसारखी मुक्त प्रणाली २०१७ पासून उपलब्ध आहे आणि तिच्यातून ठिपक्यांपेक्षा बरंच खरं चित्र मिळतं, हेही चांगलं झालं. पण डोळस माणसाकडे आयुष्यभराचं स्वच्छ बघणं जमा असतं. पाच मिनिटांनी तो चष्मा काढून चहाला जातो. आंधळ्या माणसाचा मेंदू, त्याचा थकवा, त्याची काठी, त्याचे कान हे सगळं त्या चाचणीबाहेर राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गेल्या काही वर्षांत तुमच्यापैकी अनेकांनी सोपी वाट धरली आहे: दृश्य आधी समजून घ्यायचं आणि मग त्याचं सार दाखवायचं. कुणी लक्ष वेधणारा भाग उचलतं, कुणी अंतर मोजून जवळचं उजळ आणि लांबचं मंद करतं, कुणी माणूस, गाडी, रस्ता अशा वस्तू वेगळ्या काढून फक्त त्यांच्या कडा दाखवतं. २०२१ मध्ये बायलर यांच्याच प्रयोगशाळेने या तीन पद्धतींची तुलना केली. वस्तू वेगळ्या काढण्याची पद्धत बाकी दोन्हींपेक्षा सरस ठरली. काम प्रामाणिक आहे, मला त्याबद्दल आदर आहे. पण सहभागी डोळस होते आणि त्यांना विचारलेला प्रश्न होता: समोर माणसं आहेत का, गाड्या आहेत का? जो प्रश्न विचारला त्याच्यासाठी ती पद्धत जिंकली.

माझा प्रश्न पुण्यातल्या फुटपाथवरचा आहे. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण जागेवर आहे का? खड्डा ही वस्तू नव्हे. तिथे काहीतरी नाही, हीच तर धोक्याची गोष्ट. वस्तू शोधणारं मॉडेल त्याला रस्त्यात धरून गाळून टाकेल, आणि माझ्यासमोर मोकळा, सुरक्षित अंधार ठेवेल. गणपतीच्या दिवसांत मांडवाचे तिरके बांबू, कपाळाच्या उंचीवर लोंबणारी केबल, फुटपाथवर आडव्या लावलेल्या दुचाकी, दुकानाबाहेर काढलेली पाटी, झोपलेलं कुत्रं, पावसाळ्यात साचलेलं पाणी आणि त्याखाली कडा आहे की नाही याची शंका. यांतल्या किती गोष्टींना तुमच्या मॉडेलच्या यादीत नाव आहे?

मॉडेलं शिकवायला वापरला जाणारा सिटीस्केप्स हा रस्त्यांच्या चित्रांचा प्रसिद्ध संच जर्मनी आणि आसपासच्या ५० शहरांतला. हैदराबादच्या आयआयआयटीने भारतीय रस्त्यांसाठी इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट केला, हैदराबाद-बंगळूर आणि परिसरातला, हे फार मोलाचं काम आहे. पण दोन्हींत कॅमेरा गाडीवर आहे. गाडीच्या नजरेला फुटपाथ म्हणजे रस्त्याची कड आणि पादचारी म्हणजे अडथळा. मी तोच पादचारी आहे. छातीच्या उंचीवरून, काठीच्या गतीने, आपल्या गल्ल्यांमधून, एसटी स्टँडवरून, लोकलच्या फलाटावरून टिपलेली चित्रं हवीत. इथल्या महाविद्यालयांतले विद्यार्थी हे एका सत्रात सुरू करू शकतील. त्यासाठी रोपण लागत नाही, परदेशी पैसा लागत नाही. अंध मुलामुलींना सोबत घ्या, कॅमेरा त्यांच्या गळ्यात घाला आणि काय टिपायला हवं ते त्यांना ठरवू द्या.

इथे एक मतभेदही स्पष्ट मांडते, आमच्यातलेही काही जण माझ्याशी सहमत नसतील. समोर खुर्ची आहे, दार उघडं आहे, तीन माणसं आहेत, एवढंच कळायचं असेल तर ते फोन कानात सांगतो. मोफत सांगतो, शस्त्रक्रियेशिवाय सांगतो आणि दर वर्षी अधिक चांगलं सांगतो. डोळ्यात इलेक्ट्रोड बसवून मला खुर्चीचं चिन्ह दाखवलंत तर त्या शस्त्रक्रियेचं मोल काय? दृष्टीकडून मला ते हवं जे शब्द देऊ शकत नाहीत. कुणीतरी दारातून सरकलं ते नेमकं कुठल्या बाजूने. खिडकीतला उजेड जमिनीवर कुठवर आलाय. समोरच्याने हात पुढे केलाय की नाही. भाची नाचतेय तर ती कशी हलतेय. भाषेत यायला या गोष्टी वेळ घेतात, तोवर क्षण निघून जातो. म्हणून दृश्याला नावं देऊन मग ती नावं रेखाटून दाखवणाऱ्या मॉडेलपेक्षा हालचाल, दिशा आणि उजेडाचा उतार जपणाऱ्या मॉडेलवर मेहनत घ्या, असं मी म्हणेन. कुणाला वस्तूच्या कडाच हव्या असतील तर त्यांना त्या मिळाव्यात. निवड त्यांची.

निवडीबद्दल मी इतकं का बोलते? लहानशा तुकड्यातून बघत जगणं म्हणजे दिवसभर निवडत राहणं. जिना उतरताना मी पायाखाली बघते, बाजारात चेहऱ्यांकडे बघणं सोडून देते, घरी आले की ताटाकडे. कधी काय सोडायचं हे मी ठोकरा खाऊन शिकले आणि ते माझ्या चालण्याचा भाग झालं आहे. माझ्या आधीच कुणी दृश्य चाळून ठेवलं तर हे शिकलेलं सगळं निकामी होतं.

आर्गसच्या डब्यावर कडा ठळक करणं, काळं-पांढरं उलटं करणं असे मोजके पर्याय होते. मोजके असले तरी ते घालणाऱ्याच्या बोटाखाली होते. ही गोष्ट सोडू नका. हाताला कळणारी बटणं ठेवा. एक बटण असं असू द्या की ते दाबताच मॉडेल बाजूला होईल आणि कॅमेऱ्याचं चित्र, जसं मावेल तसं, सरळ येईल. मॉडेलला खात्री नसेल तेव्हा ते मला जाणवू द्या. ठिपके मंद करा, कंप द्या, काहीही करा, पण भिंतीच्या जागी ठळक दार काढू नका. डोळस माणूस ते पडताळून बघू शकतो, मी ते नाकावर आपटून पडताळेन. आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती मला न विचारता कधीही पाठवू नका. सकाळी उठल्यावर जग वेगळं दिसायला लागणं ही फोनच्या स्क्रीनवरची चिन्हं बदलण्यासारखी बाब नाही. जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची सोय हवीच.

पॅरिसच्या पिक्सियम व्हिजनने विकसित केलेलं प्रिमा रोपण बघा, स्टॅनफर्डच्या डॅनियल पालांकर यांच्या कल्पनेवर उभं राहिलेलं. दोन मिलिमीटर लांब-रुंद चिप, तिच्यावर ३७८ घटक, आणि चष्म्यातून अवरक्त किरणांनी तिच्यावर पाडलेलं चित्र. त्यामुळे डोळ्याची हालचाल काही प्रमाणात उपयोगी पडते. ही चिप पडद्याच्या खालच्या बाजूला, मेलेल्या प्रकाशपेशींच्या जागी बसते, म्हणून पडद्याची उरलेली यंत्रणाही कामी येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तिचे निष्कर्ष आले. वयोमानाने मध्यदृष्टी गेलेल्या ३८ जणांना ती बसवली. वर्षभर पूर्ण केलेल्या ३२ पैकी २६ जणांच्या दृष्टीत लक्षणीय सुधारणा झाली. शस्त्रक्रियेचे गंभीर त्रासही झाले, बहुतेक पहिल्या दोन महिन्यांतले. हा आजार माझा नाही आणि दिसतं ते काळं-पांढरं, पण अंध झालेली माणसं पुन्हा अक्षरं वाचू लागली. ही बातमी ऐकली त्या दिवशी मी ती पुन्हा पुन्हा ऐकली. त्यात माझ्या लक्षात राहिलं ते हे की चित्र किती मोठं करायचं ते घालणाऱ्याच्या हातात होतं, आणि महिनोन्‌महिने सराव करून माणसं ते वापरायला शिकली. मॉडेलने त्यांच्यासाठी शब्द वाचून दाखवला नाही.

पण याच कहाणीची दुसरी बाजू तुम्हाला ठाऊक असेलच. सेकंड साइटने २०१९ मध्ये आर्गस-२ थांबवलं, २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी कमी केले. डोळ्यात इलेक्ट्रोड असलेल्या माणसांना दुरुस्ती मिळेना, सुटे भाग मिळेनात. त्याआधीच न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत गाडी बदलताना एका स्त्रीचं यंत्र बीप करून बंद पडलं ते कायमचं. हे सारं २०२२ मध्ये आयईईई स्पेक्ट्रम या तंत्रज्ञानाच्या मासिकाने जगासमोर आणलं. जर्मनीची रेटिना इम्प्लांट एजी, जिच्या चिपवर दीड हजारांच्या आसपास प्रकाशघटक होते, तीही २०१९ मध्ये बंद झाली. पिक्सियमदेखील आर्थिक अडचणीत बुडाली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सायन्स कॉर्पोरेशनने प्रिमा विकत घेतलं म्हणून ते आज आहे.

कंपनी का बुडाली याचं उत्तर तुमच्याकडे मागत नाही. पण मॉडेल तुम्ही लिहिता. त्याचं शिकवलेलं रूप, माझ्या इलेक्ट्रोडांचा नकाशा, माझ्यासाठी केलेली जुळणी हे सगळं कंपनीच्या एखाद्या सर्व्हरवर राहिलं तर कंपनीबरोबर माझं बघणंही जाईल. रोपण होण्याआधीच हे करारात लिहा: माझी जुळणी आणि नकाशा माझ्या ताब्यात, वाचता येईल अशा स्वरूपात; मॉडेल आणि डब्याचं सॉफ्टवेअर एखाद्या तिसऱ्या संस्थेकडे ठेव म्हणून, कंपनीने हात वर केले की खुलं होईल अशा अटीवर; आणि मॉडेल इंटरनेटशिवाय, डब्यातच चालणारं. आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ आहेत आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आहे. सरकारकडे याबद्दल मागणी करायलाच हवी आणि ती आम्ही करू. मात्र प्रयोगशाळेत आज घेतलेल्या निर्णयांना नियमांची वाट बघायची गरज नाही. तुमचा मार्गदर्शक, तुमची कंपनी किंवा अनुदान देणारी संस्था विचारेल तेव्हा या अटी तुमच्या प्रस्तावात आधीच लिहिलेल्या असाव्यात.

तुमच्यातल्या विद्यार्थ्यांना एक विनंती. प्रकल्पासाठी ‘अंधांसाठी काहीतरी’ करायचं म्हणून दर वर्षी मुलं आमच्याकडे येतात, बहुतेक वेळा सगळं तयार करून, शेवटच्या महिन्यात, फोटो काढायला. त्यांच्या मनात चांगलंच असतं. पण विषय ठरवायच्या आधी या. आमच्या गटात आरपीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरची माणसं आहेत: काहींना थोडं दिसतं, काहींना फक्त उजेड, काहींना तोही नाही. पांढरी काठी घेऊन शहरभर फिरणारे आहेत, संगणकावर नोकरी करणारे आहेत, एक जण स्वतः प्रोग्रामिंग करतो. तुमचं मॉडेल काय ठेवतं आणि काय गाळतं ते आम्हाला आवाजात, स्पर्शात, मोठ्या ठळक चित्रात, जमेल तसं समजावून सांगा. आम्ही आमचे रस्ते दाखवू आणि चुका निघाल्या तर तिथल्या तिथे सांगू. शनिवारी दुपारी आम्ही भेटतो. येताना तयार उत्तरं न आणता प्रश्न घेऊन या, आणि कॅमेऱ्याला गळ्यात अडकवायचा पट्टा असेल तर तोही आणा.

आपली,
आरपी असलेली एक पुणेकर